शिदूमामाची दहापट दुर्बीण

सरका असे पुढं. तिथं खांबाला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट खांबच ऐकेल. बुवांची गाडी अजून घाटात आहे, पेटीवाला चहाला गेलाय, आणि नुसत्या झांजा वाजवून मी तुम्हाला किती वेळ बसवू? तोवर एक गोष्ट सांगतो. हिच्यात एक बंदूक आहे, एक दुर्बीण आहे आणि एक डुक्कर आहे. त्या डुकराविषयी मी पंचेचाळीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

कोल्हापुरात पेठेतल्या एका गल्लीत, लाकडी जिन्यानं वर गेलं की हुसेनभाईंचं बंदूकदुरुस्तीचं दुकान लागायचं. साल बासष्ट-त्रेसष्ट असेल. मी बावीस वर्षांचा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि समोर टेबलावर दोन दुर्बिणी. शेजारी माझा मामा, शिदोजी देसाई, मांडीवर आपली बंदूक तान्ह्या लेकरासारखी घेऊन बसलेला.

हुसेनभाईंनी ती एका हातानं उचलली आणि पुन्हा अलगद ठेवली.

"मामासाहेब, ही तर वेताच्या काठीसारखी हलकी आहे. झाडीतली बंदूक. उचलली की खांद्याला, दिसलं की बार. हिला दुर्बीण कशाला?"

"लावायची म्हंजे लावायची," मामा म्हणाला. "तुमच्याकडं जमंल तसल्या भावात हाय का न्हाई, तेवढं सांगा."

माळकरी माणूस बंदुकीच्या दुकानात काय करत होता, असं तुम्ही विचाराल. सगळ्या वाटेनं मीही मामाला तेच विचारत होतो. मामाचं उत्तर ठरलेलं. "तू खोटं बोलत न्हाईस आणि तुझी नजर घारीची हाय. मला दोन्ही पायजेल."

मामा संस्थानच्या शिकारखान्यात तीस वर्षं चाकरीला होता. संस्थान गेलं, शिकारखाना मोडला, तेव्हा एका सरदारानं जाताजाता ही बंदूक त्याला बक्षीस दिली. परवाना रीतसर मामाच्या नावावर होता, आणि त्या काळी शिकारीला बंदी नव्हती. आमचं आंबेखोल राधानगरीच्या पलीकडं, रानाला पाठ लावून बसलेलं. डुकरं रात्रीत नाचणीचं शिवार पालथं करायची. म्हणून शिमगा झाला की गावची पारध निघायची. सगळा गाव रानात.

ह्या पारधीचा एक कायदा होता. पहिला बार मानकऱ्याचा. त्याचा बार निघाल्याशिवाय दुसऱ्या कुणी चाप ओढायचा नाही. समोर वाघ येऊन उभा राहिला तरी नाही. ओढला तर देव कोपतो म्हणायचे, आणि देव कोपला नाही तर गाव कोपायचा. त्या माणसाची बंदूक वर्षभर देवळात ठेवून घ्यायचे. दुसरा कायदा असा, की मानकऱ्याचा बार सलग तीन पारधी फुकट गेला तर मान दुसऱ्या घरात जायचा. मामाच्या घरात हा मान चार पिढ्या होता. आणि मागल्या दोन पारधींत मामाचा बार चुकला होता.

यंदाची तिसरी.

त्यात मागल्या सालचं डुक्कर केरबा खोराटेनं गावभर केलेलं. मामाचा नेम चुकला तर मान ह्या केरबाच्या घरात जाणार होता. नवी दुनळी बंदूक, मिशांना तेल, आणि चावडीवर बसला की तोंड थांबत नसे. मामाला सगळा गाव आण्णा म्हणायचा. "अगा, रेडकाएवढं डुक्कर. वीस पावलांवर. आणि आण्णांनी गोळी घातली करवंदीच्या शेंड्याला. माझ्या नाक्यावरनंच गेलं की पुढं. ह्या डोळ्यांनी बघितलंय." नाका म्हणजे जनावर निघायची वाट. तिथं प्रत्येक बंदूकवाल्यानं एकट्यानं बसायचं असतं. केरबाचं डुक्कर शिमग्याला रेडकाएवढं होतं, ते दसऱ्याला म्हशीएवढं झालं. मामा नुसता हसायचा. पण मामीनं मला एकदा परसात गाठून सांगितलं होतं, "निवरती, आवंदा मान गेला तर ह्यो माणूस जेवायचा न्हाई बघ. बोलायचा न्हाई, पर जेवायचा न्हाई." आणि तिनंच आपली दुभती शेळी विकून दुर्बिणीचे पैसे मामाच्या कोपरीत घातले होते.

तर हुसेनभाईंनी पहिली दुर्बीण पुढं केली. वीतभर लांब, बोटभर जाड. "ही अडीचपट. झाडीत हीच चालते. जवळचं जनावर, मोठी चौकट, पटकन सापडतं."

मग दुसरी. हातभर लांब, तोंडाकडं तांब्याएवढी रुंद. "ही दहापट. मूळ किंमत ह्याच्या तिप्पट. काचेला कडेला एक चरा आहे म्हणून अडीचपटीच्या भावात देतो. पण घेऊ नका. ही डोंगरावरून डोंगरावर बघायची चीज."

"त्याच भावात?" मी विचारलं.

"त्याच भावात."

मामानं दोन्ही दुर्बिणी आलटून पालटून डोळ्याला लावल्या. बराच वेळ लावल्या. मग म्हणाला, "दोन्ही चांगल्या हायत. निवरत्या, तू बघ."

मी अडीचपट घेऊन खिडकीशी गेलो. समोर कौलांच्या वर अंबाबाईचं शिखर. दुर्बिणीतून पाहिलं तर शिखर म्हणजे शिखरच होतं, जरा अलीकडं आल्यासारखं. मग दहापट लावली.

आता तुम्ही कीर्तनाला येणारी माणसं, म्हणून तुम्हाला कळेल. कळस माझ्या नाकासमोर आला. त्याच्यावरची तांब्याची पुटं दिसली. कळसावर एक पारवा बसला होता, त्याच्या गळ्यावरचा हिरवा रंग दिसला, त्यानं डोळा मिटला तो मिटलेला दिसला. गर्दीत लांबून पायरीचं दर्शन घेऊन परत जाणारा मी माणूस. माझ्या डोळ्याला धार लागली. हात आपोआप जुळले, आणि जुळलेल्या हातांतून दुर्बीण सुटली, ती हुसेनभाईंनी वरच्या वर झेलली.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"दर्शन झालं मामा."

"डुकराचं बोल लेका."

"एवढा लांबचा पारवा डोळा मिटताना दिसतोय, तर वीस पावलांवरचं डुक्कर काय लपून ऱ्हाणार हाय? आणि त्याच भावात दहापट. अडीचपट घिऊन गेलो तर गाव आपल्याला येड्यात काढंल."

हुसेनभाईंनी मामाकडं पाहिलं. "मामासाहेब, तुम्ही शिकारखान्यातले. तुम्ही तरी सांगा त्याला."

मामानं माझ्याकडं बोट केलं. "त्यो बघतोय, त्यो म्हणतोय," तो म्हणाला. "दहापटच द्या. जेवढी जास्त तेवढं मला बरं."

हुसेनभाईंनी ती बंदुकीवर बसवून दिली. बसवल्यावर बंदूक टेबलावर ठेवली तर ती कुशीवर पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. हुसेनभाईंनी कपाळाला हात लावला आणि आम्हाला दोन कप चहा पाजला.

घरी मामी म्हणाली, "ही बंदूक हाय का म्हशीवर बसलेली म्हस?" तिचं काही चुकत नव्हतं. जी बंदूक मामा दिवसभर एका खांद्यावर टाकून रान तुडवायचा, ती आता दोघांनी धरावी लागायची. दुर्बिणीच्या वजनानं नळी गर्रकन फिरून खाली तोंड करायची. शेवटी मी बाभळीची एक बेचकी तोडून आणली, जमिनीत रोवायला. "एक-दोन बार काढून बघूया का मामा?" मी विचारलं. "काडतुसं मोजकी हायत," मामा म्हणाला आणि बंदूक घोंगडीत गुंडाळून ठेवली.

पारधीच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. गुरवानं देवाला सांगितलं की, बाबा, तुझी लेकरं रानात निघालीत, सगळ्यांना धड परत आण. केरबानं उठून सगळ्यांपुढं विचारलं, "कायदा एकदा बोलून टाका गुरव. मागनं भांडान नको." गुरवानं कायदा बोलून टाकला. मानकऱ्याच्या आधी बार नाही. तिसरा बार फुकट गेला तर मान खोराट्यांच्या घरात. "समद्यांनी ऐकलं न्हवं?" केरबा म्हणाला. "आण्णा, वाईट वाटून घिऊ नका. नियम म्हंजे नियम. देव समोर आला तरी मोडायचा न्हाई."

"न्हाई मोडायचा," मामा म्हणाला.

मग केरबाची नजर आमच्या दुर्बिणीवर गेली. "ह्ये काय, आण्णा? तोफ का?"

"दुर्बीण हाय. दहापट."

"आता डुक्कर दहापट मोठं दिसणार म्हणा की. तरी बी चुकलं तर?"

माणसं हसली. मामाही हसला. मी मात्र मनात नाव घेत होतो.

आमचा नाका पहिला. ओढ्याच्या अलीकडं, करवंदीच्या जाळीमागं. पलीकडच्या अंगाला, दीडशे पावलांवर, केरबाचा नाका. यंदा तो पांगाऱ्यावर चढून बसला होता. पांगारा किती ठिसूळ ते गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक, पण त्या जागी दुसरं झाड नव्हतं, आणि केरबाला उंच बसायचं होतं. बाकीच्या बारा बंदुका आणखी पुढं, ओढ्याच्या काठाकाठानं.

मी बेचकी रोवली. मामानं नळी तिच्यात टेकवली, डोळा दुर्बिणीला लावला. लांब डोंगराच्या पायथ्याला हलगी वाजली, डबे वाजले, हाकारे "हुर्र, हुर्र" करत रान उठवत निघाले.

थोड्या वेळानं जाळी हलली आणि डुक्कर बाहेर आलं. पंधरा पावलांवर. एकटा नर, खांद्यावर राठ केसांचा तुरा. उभा राहिला, वास घेऊ लागला.

"मामा, आला," मी कुजबुजलो. आता मी झांजकरी, माझी कुजबूजसुद्धा देवळाच्या मागल्या ओळीला ऐकू जाणारी. पण डुक्कर हललं नाही.

"दिसलं का?"

"दिसतंय," मामा म्हणाला. "तपकिरी हाय."

"डुक्करच हाय त्ये."

"डुक्कर कुठं हाय? नुसतं तपकिरी हाय. समदीकडं तपकिरी."

"सरका बघू." मी डोळा लावला. आणि खरंच. कळसावरचा पारवा दाखवणाऱ्या त्या दुर्बिणीत डुकराचा पत्ता नव्हता. जवळचं म्हणून सगळं फुटून गेलेलं. तपकिरी धूर. जरा नळी हलवली तर हिरवा धूर. पुन्हा तपकिरी. मी डोळा काढला तर पुढ्यात डुक्कर, सुळ्यासकट. डोळा लावला की धूर.

"मामा, दुर्बीण सोडा. वरनं बघा. नुसत्या डोळ्यांनी. ह्यो काय समोर."

मामानं मान वर केली. डुकराकडं पाहिलं. सरळ त्याच्याकडंच पाहिलं, आणि मला म्हणाला, "कुठं?"

"ह्यो काय. काळ्या दगडाच्या उजव्या अंगाला."

"काळा दगूड कुठं?"

मी मामाच्या डोळ्यांकडं पाहिलं. तीस वर्षं शिकारखान्यात ज्यांनी रात्रीचं भेकर ओळखलं, ते डोळे. बुबुळावर दुधाची साय धरावी तसं काही होतं. रोज त्याच्या पुढ्यात जेवायला बसणारा मी, ते मी पाहिलं नव्हतं.

"मामा, तुमास्नी दिसत न्हाई?"

"दिसतंय की. तपकिरी दिसतंय." त्यानं डोळे पुसले. "दोन वर्सं झाली, समदं असंच दिसतंय. म्हणलं दहापट दुर्बिणीत तरी दिसंल."

दुर्बिणीतून तो धूर मी एकदा पाहिला आणि घाबरलो. मामा रोज त्यातनं बघत होता.

डुक्कर अजून उभंच. "मामा, मी सांगतो तसं धरा. जरा डावीकडं. खाली. आता ओढा. डुक्करच हाय, माळेची आण."

मामाचं बोट चापावर होतं. ते त्यानं काढलं. "तुझ्या डोळ्यांनी मी बार काढायचा न्हाई निवरत्या. समोर काय हाय ह्ये ज्यानं बघितलं, त्यानंच चाप वढायचा. शिकारखान्याची शिस्त हाय."

"मान जाईल, मामा."

"जाऊं दे. बघू म्होरं काय येतंय."

पुढं काय यायचं ते सगळं आलं. त्या नरामागून डुकरांचा कळप आला, माद्या, पिल्लं. आमच्या पुढ्यातून दिंडी चालावी तसा एका रांगेत गेला. मग एक भेकर. मग दोन ससे. मग एक मोर, तो तर थांबून पिसं नीट करून गेला. पुढच्या बारा नाक्यांवर बारा माणसं भरल्या बंदुका घेऊन बसलेली, आणि सगळं रान त्यांच्या नाकासमोरून संथ पावलांनी चाललेलं. कुणाला बार काढता येईना. कारण मानकऱ्याचा बार निघाला नव्हता. लांबून कुणाचा तरी रडवेला आवाज आला, "आण्णा, झोप लागली काय वो?"

पहिला नर मात्र ओढा ओलांडून पांगाऱ्याखाली गेला आणि तिथं मुळ्या उकरू लागला.

मी दुर्बीण तिकडं वळवली. आता ती आपल्या कामाला लागली. केरबाचं तोंड परातीएवढं समोर आलं.

"काय दिसतंय?" मामानं विचारलं.

"केरबा. नाकावर घाम आलाय. मिशीचं तेल वघळतंय."

"डुकराचं सांग."

"डुक्कर झाडाखाली हाय. केरबा फांदीला मिठी मारून हाय. मामा, फांदीला तडा गेलाय. पांढरं लाकूड दिसतंय."

"त्याची बंदूक?"

"ती..." मी बोलेपर्यंत बंदूक त्याच्या हातातून निसटली आणि थेट डुकराच्या पाठीवर पडली. डुक्कर भडकलं. खोडाला धडका देऊ लागलं. एकेका धडकेला पांगाऱ्याची लाल फुलं केरबाच्या अंगावर पडत होती, लग्नात अक्षता पडाव्यात तशी.

"आण्णा," केरबा ओरडला. "आण्णा, बार काढा की वो!"

"काय म्हणतोय?"

"बार काढा म्हणतोय."

पलीकडून तिसऱ्या नाक्यावरचा जोत्या ओरडला, "केरबाकाका, मी मारू का?"

"नको, नको," केरबा वरून ओरडला. बिचारा नियमाचा पक्का. "देव कोपंल! आण्णांनीच काढाय पायजे. आण्णा, काय बी दिसू दे न्हाईतर न दिसू दे, बार तेवढा काढा."

फांदी कडकन वाजली आणि हातभर खाली आली. केरबाचे पाय डुकराच्या सुळ्यांपासून दोन हातांवर. हे मी सगळं पाहत होतो, दहापट.

मामानं बंदूक बेचकीतून उचलली. "निवरत्या, केरबा कुठल्या अंगाला?"

"बरोबर समोर."

"आन् हाकारे?"

"उजव्या हाताला, वरल्या अंगाला."

"आभाळ कुठं?"

"आभाळ वर हाय मामा."

"त्येवढं मला म्हायती हाय लेका. माणूस नसलेलं, फांदी नसलेलं, मोकळं आभाळ कुठं?"

मी मामाचे दोन्ही खांदे धरून त्याला डावीकडं वळवलं. नळी वर केली. "हितं."

"नक्की?"

"नक्की. पर मामा, तिसरा बार हाय."

"मोजता येतंय मला," मामा म्हणाला, आणि चाप ओढला.

हलक्या बंदुकीवर जड दुर्बीण, त्यात नळी आभाळाकडं. ती दुर्बीण उलटी येऊन मामाच्या भुवईवर बसली, तिथून सुटली, दगडावर आपटली आणि ओढ्यात गेली. त्या आवाजासरशी डुक्कर उधळलं. आणि तासभर तुंबलेल्या बारा बंदुका एकदम सुटल्या. बारा बारांत मिळून हाकाऱ्यांची पाण्याची एक घागर फुटली. जनावर एकही पडलं नाही. केरबा तेवढा पडला, फांदीसकट, डुक्कर गेल्यावर, आपल्याच दुनळीवर.

दुपारी देवळात बैठक बसली. मामाच्या भुवईला मामीनं हळद दाबली होती. गुरवानं विचारलं, "आण्णा, कशावर बार काढला?"

"आभाळावर," मामा म्हणाला.

"लागला का?" कुणीतरी विचारलं आणि देऊळ हसून लोटपोट झालं.

मामानं उठून बंदूक देवाच्या उंबऱ्यावर ठेवली, मानाचा नारळ घेतला आणि केरबाच्या हातात दिला. केरबाच्या कमरेला लचक भरलेली, तरी तो ताठ उभा राहिला. "वाईट वाटून घिऊ नका आण्णा," तो म्हणाला. "आज तुमचा बार वाजला म्हणून मी वाचलो, मी काय न्हाई म्हणत न्हाई. पर गेल्या सालचं डुक्कर तुम्ही पाडलं असतं ना, तर आज ही पाळी आली नसती. केवढं डुक्कर त्ये. रेड्याएवढं." आणि हसला. सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसला.

माझा जीव जळत होता. ओढ्यावर हातपाय धुवायला गेलो तेव्हा मी मामाला बोललोच. "दिसत न्हाई म्हणून सांगून टाकायचं हुतं. लोकांनी समजून घेतलं असतं. गेल्या सालीच सांगितलं असतं तर तो केरबा त्या डुकराचं एवढं भांडवल करता ना."

मामा पाण्यात पाय सोडून बसला होता. आजूबाजूला कुणी आहे का, ते त्यानं मला विचारलं. नव्हतं.

"गेल्या साली डुक्कर नव्हतं," तो म्हणाला.

"मग काय हुतं?"

"तपकिरी हुतं. वीस पावलांवर, करवंदीत, हालत हुतं. मी म्हणलं डुक्कर. धरलं नेमकं मधोमध. चाप निम्मा वढला, आन् तांब्या वाजला."

"तांब्या?"

"पितळंचा तांब्या. दगडाला लागला, टन्न करून. डुकराकडं तांब्या कुठला आला निवरत्या? मी झटक्यानं नळी वर केली, पर बार निघालाच. करवंदीचा शेंडा गेला. त्याच्या खाली तपकिरी घोंगडी पांघरून बसला हुता त्यो. गडी परसाकडंला आलेला, नाका सोडून."

"कोण?"

"आवाजानं खोकला की त्यो. खोकल्यावरनं वळखला. मग तांब्या उचलून पळाला. त्याला वाटलं डुक्कर आलंय अंगावर."

"केरबा?"

मामानं मान हलवली. "लोक जमले, म्हणले काय हुतं. मी म्हणलो डुक्कर. तर केरबाच म्होरं आला आन् म्हणाला, व्हय, व्हय, डुक्कर. माझ्या नाक्यावरनं गेलं, मी बघितलं. नाक्यावर न्हवता ह्ये कळलं असतं तर गावानं त्याला पारधीतनं काढला असता. त्यो आपली लाज झाकत हुता, मी माझी. मंग त्यानं त्ये डुक्कर वाढवत नेलं. वाढवूं दे म्हणलं. चांगला हट्टाकट्टा हाय, वाढंल."

मामाला हसू आलं. मग त्यानं माझ्या माळेवर हात ठेवला. "ज्या दिशी त्यो तांब्या वाजला, त्या दिशीच बंदूक सोडायची हुती मी. मान सोडवंना. म्हणून म्हणलं दहापट आणू. आज केरबाच्या गळ्यात घातला, बरं झालं. ह्यातलं कुणाला बोलायचं न्हाई. मी जाईन, त्यो बी जाईल, मग बोल. त्याच्या म्हाताऱ्या तोंडाला लाज नको."

मामानं पुन्हा बंदूक हातात धरली नाही. मी त्याचा हात धरून त्याला कीर्तनाला आणायचो, तो माझ्या झांजांच्या अगदी जवळ बसायचा. मिरजेला नेऊन डोळ्यांचं काही करता येईल म्हणून मी फार मागं लागलो. "आता काय बघायचं ऱ्हायलंय," म्हणायचा. मामीच्या हातचं जेवायचा मात्र पोटभर, शेवटपर्यंत. तो गेला तेव्हा केरबा सगळ्यांत पुढं खांदा द्यायला आला आणि धाय मोकलून रडला. आणि रडून झाल्यावर, डोळे पुसत, तिथं जमलेल्यांना म्हणाला, "गडी लई मोठा. एकदाच चुकला. हत्तीएवढं डुक्कर हुतं त्ये." मी माळ मुठीत धरून उभा होतो.

त्यानंतर ते डुक्कर तीस वर्षं माझ्या समोर कीर्तनाला बसलं. टाळ्या वाजवायचं, डोलायचं, बुवांच्या पाया पडायचं. लेकी-सुनांचा, नातवंडांचा मोठा गोतावळा झाला त्याचा. गेल्या श्रावणात, नव्वदीला टेकून, झोपेतच केरबा गेला. त्याच्या बाराव्याला नातू सांगत होता, आमच्या आजोबांनी डोंगराएवढं डुक्कर पाहिलं होतं.

म्हणून आज बोललो. तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. आरती झाली, हात जोडले, की आपल्या माणसांबरोबर एक नाव मनात आणा, आंबेखोलचा शिदोजी देसाई. गावात अजून म्हणतात, त्याचा बार तीनदा चुकला. त्यातला दोनदा त्यानं तो चुकवला. तुम्ही म्हणताना एकदाच म्हणा.